घरचा प्रयोग : आईचं विमान आणि पारसिकचा डोंगर

काय दोस्तांनो, गच्चीवर उभं असताना डोक्यावरून विमान गेलं, की मान वर करून बघता ना? बघायलाच पाहिजे! माझे केस पांढरे झाले, तरी मी अजून बघतो. लहानपणी आम्ही विमानाला टाटा करायचो. आपला टाटा पायलटला दिसतो, याबद्दल आमच्या चाळीत कुणालाही शंका नव्हती.

टाटा करून झाला की प्रश्न पडायचे. हे विमान कुठलं? किती उंचावर आहे? एवढं सावकाश का चाललंय? मोठ्या माणसांना विचारावं, तर उत्तर ठरलेलं : "अभ्यास झाला का?"

आज त्या प्रश्नांची उत्तरं आपण घरच्या घरी मिळवणार आहोत आणि तीही थेट विमानाकडून! आता तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल, "काका, मोबाइलवर तयार नकाशा मिळतो की!" मिळतो ना. बाजारात चकलीही मिळते. पण घरी सोऱ्यातून पाडलेली चकली मोडली, तर ती का मोडली हेही आपल्याला कळतं. आजच्या गोष्टीत आमची चकली एकदा चांगलीच मोडली. ती का मोडली, तेच तर सांगायचंय. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

विमान बोलतं!

लोकलमध्ये बसल्यावर आवाज येतो ना, "पुढील स्टेशन, ठाणे"? कुणी विचारो न विचारो, गाडी आपलं सांगत राहते. आजची प्रवासी विमानंही तसंच करतात. विमान उपग्रहांच्या मदतीनं स्वतःची जागा काढतं आणि ती रेडिओलहरींवरून चहूकडे जाहीर करतं. या पद्धतीला म्हणतात एडीएस-बी. विमान आपली जागा साधारण सेकंदाला दोनदा सांगतं. उंची, वेग, दिशा आणि आपलं नावही सांगतं.

हे सगळं चालतं १०९० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतो. म्हणजे विमानाची पट्टी त्याच्या दहापट वर. एक संदेश ११२ बिटांचा, म्हणजे ११२ शून्य-एकांची माळ. सुरुवातीची "लक्ष द्या हं" अशी खूण धरून तो १२० मायक्रोसेकंदांत संपतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

आता एक गंमत. रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते. मग १२० मायक्रोसेकंदांत किती? करा गुणाकार. ३६ किलोमीटर! पनवेलवरून जाणारं विमान आमच्या डोंबिवलीपासून सरळ रेषेत पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर असतं. म्हणजे त्याच्या संदेशाचं तोंड आमच्या घरी पोचतं, तेव्हा शेपूट अजून विमानातून निघायचीच असते!

प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा क्रमांकही असतो. असे १ कोटी ६७ लाखांहून जास्त क्रमांक होऊ शकतात आणि ते देशोदेशी वाटून दिलेले आहेत. हा क्रमांक सहा चिन्हांत लिहितात. तो ८०, ८१, ८२ किंवा ८३ नं सुरू झाला, तर समजा, विमान भारतात नोंदलेलं आहे.

साहित्य

आता प्रयोगाकडे वळू. हा खटाटोप मी माझ्या भाच्याबरोबर केला. तो नववीत आहे, आणि त्याचा सगळा स्वभाव "मामा, मी करतो, तू फक्त बघ" असा. माझ्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे, म्हणून ताईनं हे काम माझ्या देखरेखीखाली करायला परवानगी दिली. ("देखरेख" म्हणजे पसारा आवरणं, हे मला नंतर कळलं.)

आम्हाला लागलं ते असं :

१. रेडिओचा डोंगल. हे यूएसबीत खोचायचं, बोटाएवढं यंत्र. मुळात ते संगणकावर टीव्ही बघण्यासाठी तयार झालं. पण त्यातली चिप रेडिओलहरींची कच्ची मोजमापं तशीच्या तशी संगणकाला देऊ शकते, हे २०१२ साली काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं. तेव्हापासून हे टीव्हीचं खेळणं जगभरच्या छंदिष्टांचं रेडिओयंत्र होऊन बसलं!

२. एक छोटा संगणक. आम्ही रास्पबेरी पाय घेतला. हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक २०१२ सालीच बाजारात आला. घरात जुना संगणक पडून असेल, तर त्यावर लिनक्स टाकूनही काम भागतं.

३. चुंबकाच्या बैठकीची छोटी अँटेना आणि एक जुना लोखंडी तवा.

तवा? हो, तवाच! १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २७.५ सेंटीमीटर. तिचा पाव भाग ६.९ सेंटीमीटर. अँटेनाची दांडी तेवढीच ठेवायची आणि ती उभी ठेवायची, कारण विमानाची लहरही उभी थरथरत येते. दांडीच्या खाली धातूचा सपाट पत्रा असला, की तिला जमीन मिळाल्यासारखं होतं. तव्याला चुंबक पटकन चिकटतो. स्टीलच्या ताटाला चिकटेलच असं नाही. का, ते तुम्हीच शोधा! आजीनं तवा दिला, पण "परत मिळायला हवा" असं बजावून.

न्हावाशेवा आणि सॉफ्टवेअर

कान तयार झाले. आता मेंदू हवा. अँटेनातून येते ती नुसती खरखर. त्या खरखरीतून विमानाचे संदेश निवडायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि ते नकाशावर मांडायचे. ही कामं करणारी सॉफ्टवेअरं जगभरच्या हौशी लोकांनी लिहून सर्वांना फुकट दिली आहेत. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरनं "डंप-१०९०" लिहिलं. त्याच्याच वंशातलं "रीड-एसबी" आज संदेश उलगडतं आणि "टार-१०९०" नकाशा काढतं.

पण ही सॉफ्टवेअरं एकेक करून संगणकावर बसवायची, म्हणजे एका ओट्याशी दोन सुगरणी उभ्या करण्यासारखं! एकीला हे भांडं हवं, दुसरीला तेच पण जुन्या घडणीचं. एकीचं भागवावं तर दुसरी रुसते. भाच्यानं पहिल्यांदा हट्टानं सगळं हातानंच बसवलं. एक गोष्ट सुधारली की दुसरी बंद पडायची. दोन रविवार त्यात गेले.

मग मी त्याला न्हावाशेव्याची गोष्ट सांगितली. उरणजवळचं हे बंदर १९८९ साली सुरू झालं. पनवेलच्या रस्त्यावर लांबलचक ट्रेलरवरून रंगीत लोखंडी पेट्या जाताना तुम्ही पाहिल्या असतील. त्याच त्या कंटेनर. पूर्वी जहाजात माल चढवायचा तर गोणी, पिंपं, खोकी एकेक उचलून ठेवावी लागत. १९५६ साली माल्कम मॅक्लिन या अमेरिकन माणसानं ५८ मोठ्या पेट्या एका जहाजावर ठेवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. पेटीत कापूस असो की पंखे, क्रेनला काय त्याचं? पेटीचं माप ठरलेलं, ती कुठल्याही जहाजावर, रेल्वेवर, ट्रकवर बसते.

सॉफ्टवेअरचंही तसंच करायचं. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सगळी भांडीकुंडी एका डब्यात भरायची. डबा आणायचा, ठेवायचा, चालू करायचा. आतली भांडणं आत, बाहेरचा संगणक स्वच्छ. असे डबे चालवणारं "डॉकर" हे सॉफ्टवेअर २०१३ साली लोकांपुढे आलं. त्याच्या बोधचिन्हात पाठीवर पेट्या घेतलेला देवमासा आहे, तो उगाच नाही! विमानांच्या नकाशासाठी रीड-एसबी, टार-१०९० वगैरे सगळी मंडळी एकत्र बसवलेला तयार डबा मिळतो. त्याचं नाव "अल्ट्राफीडर".

कृती

१. संगणकावर लिनक्स आणि त्यावर डॉकर बसवा. विंडोजवर डब्याच्या आत यूएसबी पोचवणं किचकट जातं, म्हणून लिनक्सच बरं.

२. डोंगल खोचला, की संगणकाला वाटतं टीव्हीच आला! तो आपला टीव्हीचा चालक पुढे करून डोंगल अडवून बसतो. त्या चालकाला काळ्या यादीत टाका आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा. ही पायरी विसरली, की डब्याला डोंगल मिळत नाही आणि आपण तासभर अँटेनाला दोष देत बसतो.

३. एका साध्या मजकूर-फाइलीत डॉकरसाठी चिठ्ठी लिहा. कोणता डबा आणायचा, त्याला यूएसबीच्या दारापर्यंत जाऊ द्यायचं, आपल्या घराचे अक्षांश, रेखांश आणि उंची, वेळ भारताची, आणि नकाशा कोणत्या खिडकीतून दाखवायचा. संगणकात खिडक्यांना क्रमांक असतात. आम्ही ८०८० ठेवला. या चिठ्ठीत ओळी आत सरकवायच्या असतात, त्या स्पेसचं बटण दाबूनच. टॅबचं बटण चालत नाही. भाच्यानं टॅब वापरला आणि डॉकरनं चिठ्ठी वाचायलाच नकार दिला! आमच्या मराठीच्या सरांनीही समास न सोडलेली वही अशीच परत फेकली असती.

४. चिठ्ठीत आणखी दोन गोष्टी लिहा. एक, वीज जाऊन आली की डबा आपोआप चालू व्हावा. दोन, जमलेल्या नोंदी डब्याबाहेरच्या फोल्डरमध्ये राहाव्यात. म्हणजे पुढे डब्याची नवी आवृत्ती आणली, तरी जुन्या नोंदी जात नाहीत. डबा बदलला म्हणून कुणी लोणच्याची बरणी फेकत नाही!

५. आता डॉकरला हुकूम द्या. पहिल्या वेळी डबा इंटरनेटवरून उतरायला थोडा वेळ लागतो. मग घरातल्याच दुसऱ्या संगणकावर ब्राउझर उघडून छोट्या संगणकाचा पत्ता आणि ८०८० लिहा. नकाशा हजर!

आमच्याकडे नकाशा हजर झाला, पण विमान एकही नाही. बाजूच्या तक्त्यात विमानांची नावं येत होती, जागा मात्र कोरी. आणि आमचं घर? ते नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात! भाच्यानं अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला होता. डोंबिवली १९.२ अंश उत्तर, ७३.१ अंश पूर्व. उलट लिहिलं की थेट बर्फाच्या मुलखात. एवढ्या लांबची विमानं ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून सॉफ्टवेअरनं त्यांच्या सगळ्या जागा नाकारल्या होत्या. आकडे बदलले आणि पटापटा पिवळी, हिरवी, निळी विमानं नकाशावर उमटू लागली. रंगावरून उंची कळते. भाच्यानं जी आरोळी ठोकली, ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

लक्षात ठेवा हं, ही विमानं इंटरनेटवरून आलेली नसतात. तारांशिवाय, थेट आकाशातून तुमच्या तव्यावर उतरलेली असतात. इंटरनेट बंद पडलं, तर मागचा नकाशा उमटणार नाही, पण विमानांचे संदेश येतच राहतील.

आणि विमान नाहीसं झालं

आता त्या संध्याकाळची गोष्ट. २०२५ चा ऑगस्ट. गणपती दोन दिवसांवर आले होते आणि पाऊस नुसता कोसळत होता. ताई, म्हणजे भाच्याची आई, कामासाठी नागपूरला गेली होती आणि विमानानं मुंबईला परत येत होती. भाच्यानं विमानाचं नाव आधीच शोधून वहीत लिहून ठेवलं होतं.

आमची गॅलरी दक्षिणेकडे उघडते. तवा तिथेच, कोरड्या कोपऱ्यात ठेवलेला. ताईचं विमान पहिल्यांदा दिसलं ते कर्जतच्या आसपास. "आजी, आई आली! दहा हजार फूट!" आजी मोदकांसाठी नारळ सोलत होती. तिनंही उठून बघितलं.

मग आकडे उतरू लागले. सात हजार. चार हजार. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो आणि विमानं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. म्हणून ती नवी मुंबईवरून, ठाण्याची खाडी ओलांडून पश्चिमेकडे तोंड करून मुंबईला उतरतात. ताईचं विमानही त्याच वाटेनं वळलं. तीन हजार. दोन हजार. खाडी ओलांडता ओलांडता दीड हजार फूट.

आणि चित्र थांबलं. थोडा वेळ ते तिथेच गोठून राहिलं. मग नाहीसं झालं.

भाचा काही बोलला नाही. त्यानं पान पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादला मोठा विमान अपघात झाला होता. ती दृश्यं त्यानं टीव्हीवर पाहिली होती. "मामा," तो म्हणाला, "आईचं विमान गेलं."

मला कारण माहीत होतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याही पोटात गोळा आला. मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाली, "अरे सोन्या, मी तीस वर्षं लोकलनं नोकरीला गेले. आमची फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची. बाहेरच्याला ती दिसायची नाही. पण आम्ही आत होतोच की! भाजी निवडत!"

दहा मिनिटांनी फोन वाजला. ताई! "उतरले रे. सामान घेते आणि निघते. पाऊस आहे, आजीला सांग, जेवणाला थांबू नका."

भाच्यानं फोन खाली ठेवला आणि कितीतरी वेळ नुसता तव्याकडे बघत बसला.

चकली का मोडली?

दुसऱ्या दिवशी आम्ही तपासाला लागलो. पहिला संशयित होता पृथ्वीचा गोलावा. रेडिओची ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. विमान क्षितिजाखाली गेलं की ती पोचत नाही. किती लांबवर पोचेल, हे काढायचं एक सोपं सूत्र आहे. विमानाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. १०,००० मीटरवरच्या विमानाचं वर्गमूळ १००, म्हणजे ४१२ किलोमीटर!

ताईचं विमान होतं दीड हजार फुटांवर, म्हणजे सुमारे ४५० मीटर. वर्गमूळ साधारण २१.२. गुणले ४.१२, आले ८७ किलोमीटर. आणि विमान आमच्यापासून होतं जेमतेम वीस किलोमीटरवर! म्हणजे पृथ्वी निर्दोष सुटली. मग मध्ये कोण आलं?

टार-१०९० मध्ये एक सोय आहे. प्रत्येक दिशेला आपल्याला जास्तीत जास्त किती लांबचं विमान ऐकू आलं, त्याची सीमारेषा ते नकाशावर काढतं. ती रेषा वाटोळी असावी, असं भाच्याला वाटत होतं. पण बघतो तर कुणीतरी लाडू चावून ठेवल्यासारखी! उत्तरेला आमची स्वतःची इमारत आडवी येत होती, म्हणून तिकडे मोठा घास. आणि नैर्ऋत्येला, मुंबई विमानतळाच्या नेमक्या दिशेला, एक खाच. भाच्यानं त्या दिशेनं पट्टी ठेवली. डोंबिवलीपासून विमानतळाकडे जाणारी रेषा मुंब्र्याजवळून गेली आणि थेट पारसिकच्या डोंगरावर आदळली.

"मामा! आपल्या तव्यानं डोंगराचं चित्र काढलंय!"

अगदी खरं. उंचावरची विमानं डोंगराच्या डोक्यावरून दिसत होती. उतरणारं विमान डोंगराच्या सावलीत गेलं, की आमच्यापुरतं संपायचं. मग आम्ही चार दिवस वही घेऊन बसलो. मुंबईला उतरणारं जवळजवळ प्रत्येक विमान तिथेच, तेवढ्याच उंचीवर नाहीसं होत होतं. आणि प्रत्येक विमान सुखरूप उतरत होतं. आजीचा बोगदाच तो! फरक इतकाच, की आजी डोंगराच्या पोटातून जायची आणि विमान डोंगराच्या पाठीमागून.

दोस्तांनो, नकाशावर विमान दिसत नाही, याचा अर्थ एवढाच की आपल्याला ते ऐकू आलं नाही. आकाशात ते नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. थर्मामीटर असो, पेपरातली बातमी असो की मोबाइलवरचा नकाशा, प्रत्येकाच्या मध्ये कुठेतरी एक पारसिकचा डोंगर असतो. तो कुठे आहे, हे ज्याला ठाऊक, तो उगाच घाबरत नाही आणि उगाच छातीठोकपणे बोलतही नाही. तयार नकाशात हा डोंगर सहसा जाणवत नाही, कारण तो हजारो घरांतल्या अँटेना जोडून तयार होतो. एकाच्या आड डोंगर आला, तर दुसऱ्याला विमान दिसतं. आपल्या एका तव्याचा नकाशा अपुरा असतो, पण तो कुठे अपुरा आहे हे आपल्याला माहीत असतं.

पालकांसाठी चार ओळी

बिनतारी उपकरणांबाबत सरकारी नियम असतात. तेव्हा खरेदीआधी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचे नियम बघून घ्या. जवळपास हॅम रेडिओ क्लब असेल, तर तिथल्या अनुभवी मंडळींना विचारा. हा प्रयोग फक्त ऐकण्याचा आहे. काहीही प्रक्षेपित करायचं नाही, म्हणजे नाही! नकाशा घरच्या जाळ्यातच ठेवा, कारण त्यावर तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश असतात. माहिती जगभरच्या जाळ्यांना पुरवण्याची सोय डब्यात असते, पण ती तुम्ही सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. तो निर्णय मोठ्यांनीच घ्यावा. संरक्षण दलाची विमानं दिसली, तर ती माहिती कुणालाही पाठवू नये. आणि अँटेना लावण्यासाठी मुलांनी कठड्यावर चढू नये. विजा चमकू लागल्या की अँटेना काढून ठेवा.

गृहपाठ

ज्यांना हा सगळा संच करता येणार नाही, त्यांनी हिरमुसू नका. कागद, पेन्सिल आणि होकायंत्र घ्या. आपल्या गच्चीवर उभं राहून चारी बाजूंना काय काय आडवं येतं, त्याचं गोल चित्र काढा. इमारत, टाकी, डोंगर, आंब्याचं झाड. मग सांगा, तुमच्या घरी तवा ठेवला, तर सीमारेषेला घास कुठे कुठे पडतील?

आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. डोंबिवलीहून ते जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. आमच्या गॅलरीतून तिथली उतरणारी विमानं कुठवर दिसत असतील? पारसिक मध्ये येईल का? नकाशा घ्या, पट्टी ठेवा आणि उत्तर पत्रानं कळवा. कळवा स्टेशनवाल्यांनी तर नक्कीच कळवा, कारण डोंगर तुमच्याच उशाशी आहे!

जाता जाता एक सांगायचं राहिलं. आजीनं तवा परत मागितला नाही. ताई पुढच्या वेळी नागपूरला गेली, तेव्हा आजीच चष्मा लावून नकाशासमोर बसली होती. विमान खाडीजवळ नाहीसं झालं, तेव्हा तिनं शांतपणे भाच्याला हाक मारली, "गाडी बोगद्यात शिरली रे! कुकर लाव."